दोन बोटं कापड

१२ जून

मुंगे,

माझं अक्षर बघून तू पाकीट न फोडताच टाकून देशील, म्हणून वरचा पत्ता शेजारणीकडून लिहून घेतला. अठ्ठावन्नाव्या वर्षी ही लबाडी. पण आता फोडलंच आहेस तर दोन मिनिटं वाच, मग हवं तर टाक.

गेल्या महिन्यात मी निवृत्त झाले. चौतीस वर्षं मुलांना चित्रकला शिकवली, म्हणजे खरं सांगायचं तर "रंगात पाणी कमी घाला" आणि "एकमेकांच्या अंगावर ब्रश झटकू नका" ही दोन वाक्यं चौतीस वर्षं म्हटली. निरोपाच्या भाषणात मुख्याध्यापक म्हणाले, बाईंनी कित्येक पिढ्यांना दृष्टी दिली. बाईंना हल्ली स्वतःला सुई ओवता येत नाही, हे त्यांना कुठून कळणार. भेट म्हणून भिंतीवरचं घड्याळ मिळालं. जिला आता कुठेच वेळेवर पोचायचं नाही, तिला घड्याळ. भिंतीत खिळा नाही, म्हणून ते खुर्चीवर बसून आहे आणि मी पलंगावर.

वर्ग आवरताना फळ्याशेजारचं माझं कापड उतरवलं. निळ्या-करड्या पट्ट्यांचं, विणकाम विद्यालयात शेवटच्या परीक्षेला केलेलं. तुला आठवत असेल. एका कोपऱ्यात पार विरलंय, कारण दर वर्षीची मुलं येता-जाता तिथेच हात लावायची. मध्येही एका जागी कसरीने खाल्लंय. खाली भिंतीवर त्याच्या मापाचा स्वच्छ चौकोन निघाला. बाकीची भिंत इतकी मळली होती हे तोवर कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

तू कशी आहेस? मामेभाऊ सांगत होता, अजून त्याच लाँड्रीत खिडकीपाशी बसून रफू करतेस. डोळे सांभाळ. पाठीला उशी घेत जा.

मला काही नको आहे. खरंच नको आहे.

— ताई

२९ जून

मुंगे,

सतरा वर्षं न बोललेलं माणूस सतरा दिवसांत बोलेल अशी माझी अपेक्षा नव्हती. तरी पोस्टमन दिसला की मी दारात जाते. तो आता मला बघून आधीच मान हलवतो.

आज फाटकाबद्दल लिहायचं आहे.

तू तेव्हा चार तास बसने आली होतीस. आई दवाखान्यात होती आणि सारखं माझं नाव घेत होती. शिपायाने वर्गात येऊन सांगितलं, "बाई, तुमची बहीण आलीये, आत पाठवू का?" आणि मी म्हटलं, नको, मीच येते. तुला शाळेच्या फाटकाबाहेर उन्हात उभं ठेवलं. तू म्हणालीस, "दोन घोट पाणी मिळेल का गं?" तर मी पेला भरून फाटकापाशी आणला आणि गजांमधून दिला. आत ये म्हटलं नाही. परीक्षा आहेत, शनिवारी येते, म्हणाले. आई शुक्रवारी गेली.

शनिवारी मी पोचले तेव्हा तू दारातच उभी होतीस. म्हणालीस, "तुझ्याकडे माझी जागा फाटकापर्यंत. माझ्याही घरी तुझी तेवढीच." आणि दार लावून घेतलंस.

तुला वाटलं, मला तुझी लाज वाटली. मी शाळेतली बाई आणि तू लोकांचे फाटके कोट सांधणारी. आपल्या सगळ्या नात्यागोत्यालाही तेच वाटतं. मीही ते तसंच वाटू दिलं, कारण खरं कारण त्याहून वाईट होतं. लाज वाटली असती तरी तू मला कधीतरी माफ केलं असतंस. तू तशीच आहेस.

तुला वर्गात घेतलं नाही, कारण वर्गात ते कापड होतं. तू ते बघायला नको होतंस. नुसतं बघून कदाचित निभावलंही असतं, पण तू हात लावल्याशिवाय राहिली नसतीस.

मागच्या पत्रात मी "माझं कापड" लिहिलंय. त्यातलं "माझं" खोडून टाक. आज एवढंच जमतंय. बाकीचं लिहायला बसले की कपाट आवरायची आठवण येते, आणि कपाट तर कधीच आवरून झालंय.

— ताई

११ जुलै

मुंगे,

आता एका दमात लिहिते, मध्ये थांबले तर परत चहा करायला उठेन.

त्या वर्षी परीक्षेच्या कापडाला तीन आठवडे दिले होते. आमच्या विणकामाच्या बाई लेकीच्या बाळंतपणासाठी रजेवर होत्या. मी निम्मं विणलं आणि तापाने आडवी झाले. तू दोन वर्षं रोज माझा डबा घेऊन विद्यालयात यायचीस आणि मागाशेजारच्या स्टुलावर बसून माझ्या धाग्याच्या कांड्या भरून द्यायचीस. शिकवलं तुला कुणी नव्हतं. तू नुसती बघत होतीस. मी तापात असताना तू कुणाला न विचारता माझ्या मागावर बसलीस आणि चार दिवसांत उरलेलं विणून टाकलंस. वर्गातल्या मुलींनी तोंडं बंद ठेवली. तू घरी येऊन म्हणालीस, "ताई, तू झोप, तुझं झालंय." तुझ्यासाठी ते एवढंच होतं. बहीण आजारी होती, तिचं काम करून टाकलं.

बाई परत आल्या. कापड टेबलावर पसरलं, डोळे मिटले आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत तळवा फिरवला. निम्म्यावर थांबल्या. म्हणाल्या, "इथून हात बदललाय."

मला वाटलं, आता मला काढून टाकणार. मी सांगून टाकलं, बहिणीनेही थोडं विणलंय. बाई चिडल्या नाहीत. म्हणाल्या, "यातला दुसरा हात कुणाचा, तेवढं सांग." आणि त्या हाताबद्दल काही बोलल्या. ते शब्द मी कागदावर लिहिणार नाही. भेटलीस तर तोंडाने सांगेन. मोठ्या विणकाम केंद्रातून त्यांच्याकडे एक माणूस मागितलं होतं. म्हणाल्या, "प्रमाणपत्र असो नसो, हाच हात मी तिकडे पाठवणार."

मुंगे, तो हात तुझा होता.

मी म्हटलं, दुसरा माझा. पहिला बहिणीचा, मी आजारी असताना हौस म्हणून बसली होती.

ते माझ्या तोंडून कसं निघालं ते मला आजही सांगता येत नाही, असं लिहिणार होते. पण ते खोटं आहे. मला चांगलं सांगता येतं. दोन वर्षं मी शिकले, पाठ धरली, बोटं सोलवटून घेतली, आणि हात निघाला तुझा, स्टुलावर बसून नुसतं बघणारीचा. मला इतका राग आला होता की मला धड ऐकूही येत नव्हतं. तो राग तुझ्यावर होता, आणि तू तेव्हा घरी माझ्यासाठी पेज करत होतीस.

बाई म्हणाल्या, मग तिचा भाग कापून तिला परत दे. मी कात्री घेतली. हात बदलला होता त्याच्या चार बोटं अलीकडे, माझ्या भागात कापलं, आणि काठाशी राहिलेली माझी ती चार बोटं वीण ओढून काढून उभ्या धाग्यांच्या दशा मोकळ्या सोडल्या, कापडाच्या टोकाला सोडतात तशा. तुझं मी ठेवलं. माझं घरी आणलं.

आणि तुला सांगितलं, बाईंना कळलं, त्यांनी तुझा भाग कापून फेकून दिला. पास झाला तो हा तुकडा. तू विचारलंस, "काय म्हणाल्या गं?" मी म्हटलं, "म्हणाल्या, हा हात मागावर बसवू नका."

तुझा चेहरा उतरला. मग म्हणालीस, "माझ्यापायी तुझं वर्ष गेलं असतं ना, ताई." आणि मला अजून अशक्तपणा होता म्हणून संध्याकाळी माझे पाय चेपून दिलेस. मी चेपून घेतले.

आईने माझा तुकडा शिलाई मशीनवर झाकायला घातला. मी केंद्रात गेल्यावर पुढे कितीतरी वर्षं तू त्या मशीनवर बसलीस. एकदा मला म्हणालीही होतीस, "ताई, हे नीट विणलेलं म्हणतात ना, मग मला हाताला असं खडबडीत का लागतं? माझ्या हाताला कळतच नाही बहुतेक." मी म्हटलं, सवय लागते. तुझ्या हाताला कळत होतं गं. तू हाताचं ऐकलं नाहीस, माझं ऐकलंस.

केंद्रात मी आठ महिने टिकले. तिथल्या मुख्य कारागिराने माझं पहिलं कापड हातात घेतलं आणि विचारलं, "बाईंनी जिच्याबद्दल लिहिलं होतं ती मुलगी कुठे आहे?" मी म्हटलं, मीच. त्याने कापड बाजूला ठेवलं. मला कांड्या भरायला बसवलं. आठ महिने मी दुसऱ्यांच्या कांड्या भरल्या, तू माझ्या भरायचीस तशा, आणि एक दिवस पत्र लिहून निघून आले. मग शाळेच्या मुलाखतीला तुझंच कापड दाखवलं. मुख्याध्यापकांना इतकं आवडलं की त्यांनी ते फळ्याशेजारी लावूनच टाकलं. उतरवायचं तर कारण द्यावं लागलं असतं. मुलं विचारायची, "बाई, असं परत का नाही विणलं?" मी म्हणायची, वेळ कुठे मिळतो.

म्हणून तू कधी माझ्याकडे राहायला यायचं म्हणालीस की मला पाहुणे असायचे, नाहीतर रंगकाम निघालेलं असायचं. आणि म्हणून फाटक.

कापड वेगळ्या पार्सलने पाठवते आहे. तुझं आहे. पत्रावर विश्वास ठेवू नकोस, माझ्यावर कशाला ठेवशील. डोळे मिटून हात फिरव.

— ताई

९ ऑगस्ट

मुंगे,

आज पाकीट आलं. पोस्टमन लांबूनच ते हलवत आला, त्यालाच जास्त आनंद झाला होता. मी पलंगावर बसून फोडलं. आत पत्र नव्हतं. लाँड्रीची छापील पावती होती, वर नंबर, खाली तुझं अक्षर. "विणलेलं कापड, एक. दोन ठिकाणी विरलेलं. काम: रफू. तयार: २० ऑगस्ट. पावतीशिवाय कापड मिळणार नाही."

गिऱ्हाईकाच्या नावापुढे तू लिहिलंयस, "चित्रकलेच्या बाई."

मी तासभर ती पावती हातात घेऊन बसले. आधी रडले, मग वेड्यासारखी हसले, कारण म्हटलं, काही झालं तरी बोलावलं तर आहे. रागावलेलं माणूस कापड फेकून देईल, नाहीतर टपालाने परत करेल, पावती कशाला पाठवेल? शेजारीण म्हणाली, "अहो, लाँड्रीची पावती ती, आमंत्रण समजून साडी काय काढताय?" तिला काय कळतंय. मी इस्त्री करायला घेतली आहे.

२० तारखेला येते. सकाळच्याच बसने.

— ताई

२३ ऑगस्ट

मुंगे,

तू तिथेच होतीस, तुला काही सांगायला नको. पण मला लिहून काढायचं आहे, कारण घरी आल्यापासून मी ते रोज थोडं बदलून आठवते आहे, आणि माझी ती खोड तुला माहीत झाली आहे.

लाँड्रीत वाफेचा आणि साबणाचा वास होता. काउंटरवरच्या माणसाने पावती घेतली आणि मागे वळून म्हणाला, "मावशी, तुमचं गिऱ्हाईक." तू खिडकीपाशी होतीस, मांडीवर कुणाचातरी काळा कोट. केस सगळे पांढरे झालेत. तू टाका पुरा केलास, धागा तोडलास, मगच उठलीस. कापड काउंटरवर ठेवून म्हणालीस, "बघून घ्या. एकदा नेलं की तक्रार चालणार नाही."

जन्मात तू मला कधी "घ्या" म्हटलं नव्हतंस. मी कोपरा शोधला, मधली जागा शोधली. चष्मा लावून शोधलं, काढून शोधलं. रफू कुठे केलंय ते मला सापडलं नाही.

मी म्हटलं, "ठेवून घे. तुझंच आहे."

"गिऱ्हाईकाचं कापड आम्ही ठेवून घेत नाही," म्हणालीस.

मी म्हटलं, "मुंगे." तू काउंटरवरच्या पावत्या सारख्या करायला लागलीस. मागे दोन बायका येऊन उभ्या राहिल्या होत्या, एकीच्या हातात पडदे होते. मला वाटलं, संपलं. तेव्हा तू वर न बघता विचारलंस, "काय म्हणाल्या होत्या त्या?"

मी छत्तीस वर्षं ते शब्द पाठ ठेवले होते. सांगितले. "असा हात मी आयुष्यात दोनदा पाहिला. एकदा माझ्या वडिलांचा, आणि आता हा. हा हात मागावरून उठू देऊ नका."

पडदेवाली म्हणाली, "मावशी, आमचं जरा आधी घेता का?" काउंटरवरच्या माणसाने तिचे पडदे घेतले. तू तशीच उभी होतीस. तुझा उजवा हात काउंटरवर होता, आणि तू त्याच्याकडे बघत होतीस, दुसऱ्या कुणाचा असावा तशी.

मग विचारलंस, "बाई आहेत अजून?"

मी म्हटलं, "नाहीत. अकरा वर्षं झाली."

तू मान हलवलीस. म्हणालीस, "म्हणजे परत तुझ्याच शब्दावर विश्वास ठेवायचा."

आवाज चढवला नाहीस. चढवला असतास तर मला काहीतरी बोलता आलं असतं. अकरा वर्षांपूर्वी बाई होत्या. त्यांच्या घरापर्यंत मी दोनदा गेले होते आणि कोपऱ्यावरून परत आले होते, हेही आता सांगून टाकते. तेव्हा बोलले असते तर त्यांनी तुला समोर बसवून तेच शब्द सांगितले असते. मी खोटं बोलले ते एका दुपारी. खरं बोलायला इतका उशीर केला की ते खरं आहे असं म्हणणारं दुसरं कुणी उरलं नाही. मला वाटायचं, कबूल केलं की तुझं तुला परत मिळेल. परत देण्यासारखं माझ्या हातात काही ठेवलंच नव्हतं मी.

तू आत गेलीस आणि पाण्याचा पेला आणून काउंटरवर ठेवलास. आत ये म्हणाली नाहीस. मी बाहेरच्या बाजूला उभी राहून पाणी प्यायले आणि पेला परत दिला. तू जाऊन खिडकीपाशी बसलीस आणि कोट मांडीवर घेतलास.

बसमध्ये मी कापडाचं पुडकं उघडलं नाही. काल सकाळी खिडकीत चांगला उजेड आला तेव्हा कापड पलंगावर पसरलं, आणि मग दिसलं.

त्या टोकाच्या दशा चार बोटं लांब होत्या. मीच सोडल्या होत्या, मला माप माहीत आहे. आता त्या दोनच बोटं आहेत. उरलेली दोन बोटं तू विणलीस. माग नाही, धोटा नाही, मांडीवर कापड घेऊन सुईने एकेक धागा वरखाली करत, या काठापासून त्या काठापर्यंत. रफूच्या कामात हे सांगितलेलं नव्हतं. पावतीवरही नव्हतं. धागा त्याच निळ्याचा आणि त्याच करड्याचा आहे, आणि तो रंग आता कुठल्याच दुकानात मिळत नाही. म्हणजे मशीनवरचा माझा तुकडा तू उसवलास. बरं केलंस.

मी डोळे मिटले आणि बाईंसारखा तळवा फिरवला. या टोकापासून निघाले, तू एकोणीस वर्षांची असताना विणलेल्या भागावरून, हळूहळू, या महिन्यात विणलेल्या दोन बोटांपर्यंत. चार वेळा फिरवला. माझा हात विणकराचा नाही, पण एवढं मलाही कळतं. हात कुठेही बदललेला नाही.

तू हे मी यायच्या आधी केलंस. बाईंचे शब्द तू नंतर विचारलेस. तेव्हा माझ्या शब्दावर विश्वास ठेवायची तुला गरज नाही, मुंगे. तू विचारलंस तेव्हा उत्तर तुझ्या हातात आधीच होतं. तरी तुला ते कुणाच्यातरी तोंडून ऐकायचं होतं, आणि ते सांगायला उरले होते मी.

छत्तीस वर्षांत तुझं दोन बोटं कापड विणून झालं. बाकीचं सगळं मी खाल्लं, आणि मला त्याचा काही उपयोगही झाला नाही.

मी परत येणार नाही, पत्रंही लिहिणार नाही. हे एवढं शेवटचं. घड्याळासाठी शेजारणीकडून खिळा आणला होता, त्यावर कापड लावलं आहे. घड्याळ खुर्चीवरच आहे. कापड पुरं झालं की विणकर दशांना गाठी मारतात. तू मारलेल्या नाहीत. विसरलीस की मुद्दाम ठेवल्यास, हे विचारायचा मला हक्क नाही.

मीही मारलेल्या नाहीत. दोन बोटं अजून मोकळी आहेत.

— ताई